तोफ आणायची, पण गोलंदाजांचं काय?



बाह्यवळण झाल्यापासून आमच्या गावातला जुना चौक एकदम मोकळा झाला आहे. पूर्वी पुणे-नाशिक रस्त्यावरचे ट्रक, एसट्या, उसाच्या गाड्या यांचा तिथे नुसता काला व्हायचा. आता त्या जागेचं काय करायचं, यावर महिनाभर खल चालू आहे. कारंजं, घड्याळ, सेल्फी पॉईंट अशा सूचना येऊन गेल्या आणि शेवटी गाडी तोफेवर येऊन थांबली. तोफ हवी यावर सगळ्यांचं एकमत. भांडण आहे ते कुठली तोफ यावर. एक पक्ष म्हणतो, फायबरची शिवकालीन दिसणारी करून घ्या. हलकी, स्वस्त आणि पावसात गंजत नाही. दुसऱ्या पक्षात माझे काही जुने विद्यार्थी आणि दोन-तीन माजी सैनिक आहेत. ते म्हणतात, लष्कराने सेवेतून काढलेल्या तोफा संस्थांना मिळतात, रीतसर अर्ज करू आणि खरीच आणू. त्यांनी फोटो फिरवला आहे तो साडेपाच इंची इंग्रजी तोफेचा.

इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे दोन्हीकडून फोन आले. फोनवर धड बोलणं होत नाही, आणि माझं मत दोन्ही पक्षांना थोडं थोडं खटकणारं आहे. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी ही तोफ काय चीज आहे ते सांगतो. नळीचं तोंड साडेपाच इंच, म्हणजे १४० मिलिमीटर. वजन सहा टनांच्या वर. नळीच्या दोन्ही बाजूंना दोन उभे खांब असतात, त्यांत स्प्रिंगा असतात आणि नळीचा पुढचा भार त्या तोलून धरतात. लांबून पाहिलं तर शिंगं उगारून बैल उभा आहे असंच वाटतं. आमच्या भागात बैलगाडा शर्यतीचं वेड किती, हे काही वेगळं सांगायला नको. फोटो पाहून एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, ही तर खिल्लारी तोफ!" मला ते नाव फार आवडलं.

ही तोफ दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं अपत्य आहे, आणि उशिरा जन्मलेलं. पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्लंडच्या सरकारने १९१९ मध्ये ठरवून टाकलं की पुढची दहा वर्षं मोठं युद्ध होणार नाही असं धरून खर्चाचे अंदाज करायचे. हा नियम १९३२ पर्यंत टिकला. तोवर जड तोफा जुन्याच राहिल्या. त्यांतली एक साठ पौंडी, म्हणजे साठ पौंडांचा गोळा फेकणारी, ती १९०५ सालची! घोड्यांनी ओढायच्या काळातली. दरम्यान जग मोटारीवर आलं होतं. शेवटी जाग आली आणि १९३९ च्या जानेवारीत या साडेपाच इंची तोफेची मागणी कागदावर आली. त्याच वर्षी सप्टेंबरात युद्धाला तोंड फुटलं. पहिला गाडा चाचणीत नापास झाला, तो पुन्हा आखावा लागला, आणि प्रत्यक्ष रणांगणावर तोफ पोचली ती १९४२ च्या मे महिन्यात, उत्तर आफ्रिकेत. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. साम्राज्यंही तसंच करतात, एवढंच.

त्याच मधल्या वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं? आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. हे आम्ही शाळेत दरवर्षी शिकवत होतो. पण त्यानंतर चारच वर्षांनी घडलेली एक गोष्ट कुठल्याही क्रमिक पुस्तकात नव्हती. १५ जानेवारी १९३५ रोजी बंगळूरला हिंदी सैनिकांची पहिली फील्ड आर्टिलरी ब्रिगेड उभी राहिली. यात विशेष काय, असं वाटेल. विशेष हे की १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हातातली तोफ काढून घेतली होती. बंदूक ठेवली, तलवार ठेवली, तोफ मात्र नाही! खेचरांच्या पाठीवरून न्यायच्या लहान पहाडी तोफा मोजक्या तुकड्यांकडे राहिल्या, बस्स. मैदानी तोफ पुन्हा आपल्या माणसांच्या हाती यायला पाऊणशेहून जास्त वर्षं गेली. तोफेची ताकद काय असते हे इंग्रजांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं.

इथे मराठीच्या मास्तराला थोडं विषयांतर करू द्या. आजच्या मुलांना 'गोलंदाज' म्हटलं की श्रीरामपूरचा झहीर खान आठवतो. पण गोलंदाज म्हणजे मुळात तोफ डागणारा. मुंबई इलाख्याच्या फौजेत गोलंदाज बटालियन होती आणि तिची एक कंपनी २८ सप्टेंबर १८२७ रोजी उभी राहिली. तिचीच पुढे पहाडी तोफांची बॅटरी झाली, ती १८५७ नंतरच्या त्या अपवादात टिकली, आणि तिच्या जन्मदिवशी, २८ सप्टेंबरला, भारतीय तोफखाना अजून आपला दिवस साजरा करतो. शब्द क्रिकेटने नेला, आणि मूळचा गोलंदाज विस्मरणात गेला. असो.

आता आमच्या आळीतल्या तात्यांविषयी. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. तात्या तोफखान्यात हवालदार होते. नाशिक रोडला भरती प्रशिक्षण झालं, नंतर मीडियम रेजिमेंटमध्ये गेले, आणि १९७१ च्या युद्धात याच तोफेवर होते. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत आपल्या मीडियम रेजिमेंटांकडे ही साडेपाच इंची होती. तात्या तिला 'फाय-पाईन-फाय' म्हणायचे. मी एकदा वही-पेन घेऊन त्यांच्या ओट्यावर बसलो आणि विचारलं, तात्या, एक गोळा सोडायला काय काय करावं लागतं ते क्रमाने सांगा. त्यांनी दोन तास घेतले.

एका तोफेला दहा माणसं. गोळा वेगळा, दारूची पिशवी वेगळी. आधी गोळा आत सारायचा आणि दांड्याने जोर लावून ठासायचा, असा की नळी वर उचलली तरी तो मागे घसरता कामा नये. मग अंतराप्रमाणे कमी-जास्त दारूची पिशवी. मग मागचं दार बंद. गोळा आधी शंभर पौंडांचा असे, पुढे ऐंशी पौंडांचा आला. शंभर पौंड म्हणजे पंचेचाळीस किलो. मंचरच्या बाजारात कांद्याची गोणी उचलणाऱ्या हमालाला विचारा. ऐंशी पौंड म्हणजे नारायणगावच्या टोमॅटो मार्केटातले जवळजवळ दोन भरलेले क्रेट. आणि हे एकदा नव्हे, रात्रभर. तात्या म्हणाले, "गुरुजी, तोफ काय सिनेमात दाखवतात तशी एकट्याने बत्ती देऊन उडत नाही. आमच्यातला अर्धा जन्म नुसता हमालीत गेला."

पल्ला पंधरा-सोळा किलोमीटर. म्हणजे समजा नारायणगावच्या एसटी स्टँडवर तोफ लावली, तर गोळा जुन्नर ओलांडून शिवनेरीच्या पायथ्याशी पडेल. लावणाऱ्याला शिवनेरी दिसायचीही गरज नाही. पुढे कुठेतरी, उंच जागी, एक अधिकारी दुर्बीण आणि वायरलेस घेऊन बसतो आणि आकडे सांगतो. तोफेवरच्या माणसाला फक्त आकडे ऐकू येतात. तात्यांचं वाक्य मी तसंच्या तसं उतरवून घेतलं आहे: "मी लढाई केली, पण दुश्मन कधी पाहिला नाही. माझा गोळा कुणाला लागला, हे मला मरेपर्यंत कळणार नाही." हे सांगताना ते माझ्याकडे न बघता समोरच्या लिंबाकडे बघत होते. पुढे विचारायला मला धीर झाला नाही.

त्यांचा डावा कान पूर्ण गेला होता. त्या काळी कानात कापसाचे बोळे, फार तर बोटं. घरी नातवंडं त्यांच्याशी ओरडून बोलायची, सुना कंटाळायच्या, आणि गावात त्यांना सगळे 'बहिरे तात्या' म्हणायचे. का बहिरे, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तात्या तीन वर्षांपूर्वी गेले.

तर आता चौकाकडे येतो.

पहिल्या पक्षाचा मुख्य आक्षेप असा की शिवजन्मभूमीच्या परिसरात इंग्रजांची तोफ कशाला? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण मग तोफांचा इतिहास नीट बघावा लागेल. विजापूरची मुलूखमैदान घ्या. ती १५४९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरात ओतली, निजामशाहीसाठी, ज्या निजामशाहीचा पाया आपल्या जुन्नरात घातला गेला. ओतणारा कोण? मुहम्मद रूमी, नावावरूनच कळतं, तुर्कस्तानकडचा. (१८५४ मध्ये या पंचावन्न टनी तोफेचा लिलाव काढला तेव्हा सर्वांत मोठी बोली दीडशे रुपयांची आली होती, आणि म्हणून ती वाचली! आपल्या ठेव्याची किंमत तेव्हाही आपल्याला एवढीच होती.) महादजी शिंद्यांचा आग्र्याचा तोफांचा कारखाना सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस चालवत होता. छत्रपतींनीही तोफा आणि दारूगोळा मिळवायला इंग्रज-फ्रेंचांशी बोलणी केलीच. तोफ बहुतेक वेळा बाहेरून किंवा बाहेरच्यांच्या हातून आली. ती डागणारी माणसं मात्र इथली होती. पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी आपण विसरलो नाही, तो त्याने डागलेल्या तोफांमुळे, त्या कुठे ओतल्या यामुळे नव्हे.

शिवाय एक गोष्ट बघा. किल्ले आणि तोफा यांचं नातं आपल्या तालुक्याइतकं कुणाला ठाऊक असणार? १८१८ च्या मे महिन्यात मेजर एल्ड्रिजच्या तुकडीने चावंडवर दीडशेच्या वर गोळे टाकले तेव्हा गड पडला, आणि मग पुन्हा कुणी लढू नये म्हणून पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. आजही चावंड चढताना त्या तुटक्या पायऱ्यांपाशी जमिनीत रोवलेली एक लहानशी तोफ आहे. चढणारे तिला धरून वर जातात. आता याच्यापुढे साडेपाच इंची ठेवा. १९४५ च्या मार्चमध्ये ब्रह्मदेशात मंडालेच्या किल्ल्यावर हीच तोफ अगदी जवळून, सरळ तटावर डागली गेली. विटांचा तट फुटला, पण त्यामागे मातीचा एवढा रुंद बांध होता की गोळे त्यात गिळले जात होते. शेवटी जपानी सैनिक रात्री गटारांच्या वाटेने निसटले, २० मार्चला किल्ला हाती आला आणि आतला जुना लाकडी राजवाडा मात्र जळून गेला. हा किल्ला म्हणजे तोच, ज्याच्या तटाच्या आतल्या तुरुंगात लोकमान्यांनी सहा वर्षं काढली आणि 'गीतारहस्य' लिहिलं. वर्गात मी मंडाले शेकडो वेळा उच्चारलं असेल, आणि दर वेळी ते १९१४ मध्ये टिळकांच्या सुटकेपाशी संपायचं, कारण पुस्तकात ते तिथेच संपत होतं.

तेव्हा फायबरच्या तोफेला माझा विरोध आहे. तिने कधी गोळा सोडला नाही, तिच्यामुळे कुणाचा कान गेला नाही, तिच्याविषयी मुलाने प्रश्न विचारला तर उत्तर काय द्यायचं? कुठल्या कारखान्यात साचा काढला ते? शिवकालीन तोफा बघायच्या तर मुलांना घेऊन किल्ल्यांवर जा. चढायला लागतं म्हणून चौकात आणायच्या, हा आळस आहे.

पण खऱ्या तोफेच्या पक्षालाही माझा सरसकट होकार नाही. त्यांचा आराखडा मी पाहिला. चबुतरा, भोवती साखळी, रंगीत दिवे, उद्घाटकांच्या नावांची संगमरवरी पाटी. त्या पाटीवर अकरा नावं आहेत! एकही तोफखान्यातलं नाही. तोफेविषयी ओळ एकच: 'भारतीय सैन्याच्या शौर्याचे प्रतीक'. अहो, शौर्य कुणाचं? किती सालचं? दहा माणसं होती ती कोण?

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी आपल्याकडच्या बऱ्याच खेड्यांत दगडी पाट्या लावल्या. चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत अजून काही सापडतात, वर चुना फासलेला असतो. या गावातून इतके लोक लढाईला गेले, पैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. फक्त आकडे! मला त्या पाट्यांचा लहानपणापासून राग आहे. माणसं आमची आणि नोंद धान्याच्या पोत्यांसारखी. पण राग येतो तेव्हा हेही मनात येतं की परक्या सरकारने निदान आकडा तरी लिहिला. १९६२, १९६५, १९७१ ला जुन्नर-आंबेगावातून किती जण गेले, त्यांतले तोफखान्यात किती, हे आमच्या गावात विचारा. आकडासुद्धा कुणाला सांगता येत नाही. पुण्यात सदर्न कमांडचं युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं, तिथे हुतात्म्यांची नावं कोरली आहेत, ते उत्तमच झालं. पण जे परत आले, पेन्शन घेत राहिले, बहिरे म्हणून चिडवले गेले आणि अंथरुणावर गेले, त्यांची नावं कुठे आहेत?

आणि तोफेचं म्हणाल तर आपल्या घराघरांत एकाच तोफेचं नाव पोचलं, बोफोर्स, आणि तेही दलालीच्या बातम्यांमुळे. कारगिलला १९९९ मध्ये तिने काय काम केलं ते नंतर कळलं. साडेपाच इंचीला तर तेवढंही भाग्य नाही.

एक माजी सैनिक मला म्हणाले, "गुरुजी, नावं गोळा करायला वर्ष जाईल, आणि निधी मार्चअखेर परत जातो." व्यवहार मलाही कळतो. चबुतरा मार्चमध्ये बांधा, तोफेचा अर्ज करा, त्याला वेळ लागणारच आहे. पण पाटी कोरी ठेवा. उद्घाटकांची नावं मागच्या बाजूला घाला, हवी तर सोनेरी अक्षरात. पुढे दोन्ही तालुक्यांतल्या गोलंदाजांची नावं, गाव, रेजिमेंट, कुठल्या साली कुठे होते. आणि त्याखाली तोफेची जन्मकथा साध्या मराठीत, इंग्रजांनी ती कशासाठी केली इथपासून. बाबू गेनूच्या तालुक्यात हे लपवायचं कारण नाही. ज्यांनी ती तोफ स्वतंत्र भारतासाठी ओढली त्यांना त्यात कमीपणा नाही, आणि ज्यांनी त्याआधी इंग्रजांसाठी नोकरी केली त्यांनी घरची चूल पेटती ठेवायला केली, हेही लिहायला हरकत नसावी. रंगीत दिवे मात्र नकोत. तात्यांच्या शिंगाळ्या बैलाला लग्नातल्या घोड्यासारखं सजवलेलं मला बघवणार नाही.

दिव्यांचे पैसे वाचले तर एक करता येईल. आमच्या भागात तोफखान्यातून निवृत्त झालेले म्हातारे अजून आहेत. त्यांच्या कानांची तपासणी करून घ्या आणि ज्यांना लागेल त्यांना श्रवणयंत्र द्या. म्हणजे पाटीचं अनावरण होईल तेव्हा भाषणं त्यांना ऐकू तरी येतील. (भाषणं ऐकून त्यांनी यंत्र बंद केलं, तर तो त्यांचा अधिकार!)

कुणाची वाट न बघता मी वही घातली आहे. आतापर्यंत चौदा नावं झाली. काहींची सगळी माहिती आहे, कागदपत्रं घरच्यांनी जपून ठेवली आहेत. काहींचा फक्त फोटो, ट्रंकेच्या तळाशी. धाकट्या बहिणीच्या सासरकडून दोन नावं आली, तिला विशेष धन्यवाद. तुमच्या घरात, माहेरी-सासरी, शेजारी कुणी तोफखान्यात असेल, पहाडी, मैदानी, मीडियम कुठल्याही, तर नाव, गाव आणि साल एवढं जरी कळवलंत तरी पुरे. साल आठवत नसेल तर कुठल्या दुष्काळाच्या किंवा कुणाच्या लग्नाच्या आसपास, असं सांगा; मी हिशेब लावून घेईन.

एका नावाशी अडलो आहे. मूळ आंबेगावचे एक गृहस्थ, ते गाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. गावात त्यांना 'तोफवाले बाबा' म्हणत, खरं नाव सांगणारं कुणी भेटत नाही. पुनर्वसनात कुटुंब कुठे गेलं त्याचाही पत्ता नाही. उंच होते, डाव्या हाताची दोन बोटं नव्हती आणि यात्रेत लेझीम खेळायचे, एवढंच मिळालं आहे. कुणाला आठवत असतील तर जरूर कळवा.